सात नंबरच्या पिशवीतली नदी

९ मार्च

कड्यावरून आज उतरले ती बसूनच, घसरत. नऊ थरांच्या नऊ पिशव्या भरल्या. पँटची मागची बाजू दहावा नमुना म्हणून चालेल. मी ज्यांच्या घरी उतरते ते हाओ काका खाली दोरी धरून उभे राहणार होते. प्रत्यक्षात ते शेजाऱ्याला त्याची सफरचंदाची कलमं कशी चुकली हे समजावून देत होते. दोरी सोडली नव्हती, पायाखाली धरली होती, असं त्यांचं म्हणणं. वानरोंगच्या माणसाशी वाद घालायचा नसतो. चूक केली तरी ती बरोबर कशी होती हे तो इतक्या रंगवून सांगतो की शेवटी आपणच माफी मागतो. मी मागितली.

सहा वर्षं मी एकच प्रश्न विचारते आहे: ही माती आली कुठून? या पठारावरची शंभर मीटर जाड पिवळी माती वाऱ्याने आणून टाकली, एवढं इथे सगळ्यांना ठाऊक आहे. वाऱ्याने ती उचलली कुठून, यावर भांडण आहे. माझे मार्गदर्शक वेन सर म्हणतात, पश्चिमेकडून: तिकडचे डोंगर झिजले, पिवळ्या नदीने गाळ खाली आणला, वाऱ्याने तो उचलून इथे ओतला. मला वाटतं, काही माती घरचीच आहे, पूर्वेच्या म्हाताऱ्या डोंगरांची. पण 'मला वाटतं' यावर विद्यापीठ डॉक्टरेट देत नाही. आतापर्यंत पाच कडे तपासले, पाचही सरांच्या बाजूने बोलले. हा सहावा. हाही तेच बोलला तर माझ्या प्रबंधाचा सारांश 'सर म्हणाले ते बरोबर' एवढाच होईल आणि ते सांगायला सर स्वतः आहेतच. प्रबंध एकतीस मेपर्यंत द्यायचा. मुदतवाढ मिळायची तेवढी मिळून झाली. तो दिवस चुकला की नाव कापणार आणि सहा वर्षं मातीत. म्हणजे नेहमीच्या अर्थाने मातीत.

११ मार्च

चांद्र महिना दुसरा, तारीख दुसरी. आज ड्रॅगन डोकं वर काढतो म्हणून काकांनी डोकं भादरून घेतलं आणि त्यांच्या बायकोने, मावशींनी, छाओछी भाजली. कणकेचे तीळ घातलेले बोराएवढे तुकडे कढईत, तापलेल्या पांढऱ्या मातीत परतायचे आणि मग चाळून काढायचे. दाताखाली जरा माती लागायलाच हवी; नाही लागली तर ती दुकानातली.

यंदाची मात्र काहीतरी वेगळीच झाली होती. करपट, खडबडीत. माझ्या दातात चक्क एक मूळ अडकलं. मावशी काकांशी बोलत नव्हत्या आणि काका कोणाशीच बोलत नव्हते. काका गप्प, म्हणून मी तब्येत विचारली, तर मला आणखी एक वाटी वाढली.

दुपारी मावशी माझ्याजवळ येऊन बसल्या आणि माझ्या कामाबद्दल विचारू लागल्या. चार वर्षं मी यांच्याकडे उतरते, पहिल्यांदाच. माती नेमकी कशी लागते मला? थोडी इकडची तिकडची झाली तर? मी अर्धा तास समजावून सांगितलं. प्रत्येक मातीत झिरकॉनचे बारीक स्फटिक असतात, वाळूच्या कणाहून लहान. ते झिजत नाहीत, विरघळत नाहीत आणि आपलं जन्मवर्ष पोटात बाळगतात. स्फटिकांची वयं कळली की ते कोणत्या डोंगरात जन्मले हे कळतं. म्हणून माती स्वच्छ हवी.

"स्वच्छ," मावशी म्हणाल्या. "स्वच्छ असली म्हणजे झालं ना?"

मी म्हटलं, हो. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम गेला. या बाईंना विज्ञानाची खरी ओढ आहे. शिकायला मिळालं असतं तर कुठल्या कुठे गेल्या असत्या.

१२ मार्च

निघाले. मावशींनी कोठारातल्या माझ्या पिशव्या झाडून-पुसून ओळीने मांडून ठेवल्या होत्या. सात नंबरची सुतळी कुजकी होती म्हणून तिला नवा लाल दोरा. काकांनी सगळं ओझं स्वतः बसपर्यंत आणलं, वर दहा किलो सफरचंदं दिली. नको म्हटलं तर म्हणाले, "घे पोरी, घे. मनाला बरं वाटतं." इतकी माया कोण लावतं हल्ली?

२६ मार्च

शीआनला परत, प्रयोगशाळेत. आठवडाभर माती धुते आहे. आठ पिशव्या नेहमीसारख्या: मुळं, चुन्याचे खडे, एका गोगलगाईचं घर. पण सात नंबर! काय माती आहे ती. फिकट, मऊसूत, एकसारखी. एक मूळ नाही, एक खडा नाही. वहीत लिहिलं: 'असाधारण शांत, एकाच वेगाचा वारा.' पेई दादा आमच्या यंत्रांचे राजे आहेत, वीस वर्षं इथेच काढली त्यांनी. त्यांनी ती चिमटीत घेऊन चोळली आणि म्हणाले, चाळल्यासारखी दिसते. मी म्हटलं, निसर्गच चाळतो, दादा. त्यांनी मातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि चहा करायला गेले.

३ एप्रिल

उभ्यानेच लिहिते आहे म्हणून अक्षर असं.

यंत्र लेझरने एकेका स्फटिकाला भोक पाडतं आणि त्याचं वय सांगतं. आठ पिशव्यांनी मुकाट्याने सरांचीच री ओढली: वीस कोटी वर्षं, पंचेचाळीस कोटी, पुन्हा वीस. पश्चिमेचे डोंगर, सगळी तरणी पोरं. मग सात नंबर लावली. पहिला स्फटिक अडीचशे कोटी. दुसरा अडीचशे कोटी. तिसरा दोनशे दहा. मला वाटलं यंत्र बिघडलं. पेई दादांना तसं म्हटल्यावर त्यांनी असं पाहिलं की मी ताबडतोब यंत्राची क्षमा मागितली. एकशे दहा स्फटिकांपैकी ब्याण्णव म्हातारे! पूर्वेचे!

जिन्यावरून खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. काम काहीच नव्हतं.

५ एप्रिल

सगळे सुट्टीत पूर्वजांच्या थडग्यांवर गेले आहेत. मी एकटी. सात नंबरमधून नवे स्फटिक वेचले. ओल्या सुईच्या टोकाने, श्वास रोखून. पुन्हा तेच उत्तर. चूक नाही, योगायोग नाही. आईला फोन केला. ती म्हणाली, अडीचशे कोटी वर्षं थांबलेत ना ते, मग तू एक दिवस थांबून जेवून घे.

८ एप्रिल

आता गंमत ऐक, वही. हे म्हातारे स्फटिक वाटेल त्या म्हाताऱ्या डोंगराचे नाहीत. सगळ्या डोंगरांच्या वयांशी ताडून पाहिले. ते फक्त चुंगथियाओ डोंगराच्या उत्तर पायथ्याशी जुळतात, तेही एका लहानशा पट्ट्याशी. कड्यापासून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटर. तिथून वानरोंगच्या पठाराकडे आज एकही नदी येत नाही. वारा तिकडून वाहत नाही. मग माती आली कशी?

नदीने आली. पूर्वी तिथे नदी होती. हरवलेली नदी!

नकाशावर काढली. चुंगथियाओतून निघते, खाली उतरते, वनशी गावापाशी मोठं वळण घेते आणि थेट पठारावर येते. शेवटचा चढ नदीला जरा अवघड जातो, पण पठार नंतर उचललं गेलं असेल. असेलच. मी तिच्याकडे किती वेळ बघत बसले. नदीच्या प्रेमात पडलेली माणसं मी पाहिली आहेत, पण त्यांची नदी निदान अजून वाहत असते.

१७ एप्रिल

विभागात व्याख्यान दिलं. सभागृह भरलं होतं, खिडकीत लोक बसले होते. नदी पडद्यावर आली तेव्हा कोणीतरी शिट्टी वाजवली. वेन सरांचा स्वतःचा सिद्धांत तीस वर्षांचा, आणि ही नदी तो फाडते. सर उठून उभे राहिले. मला वाटलं, संपलं. सर म्हणाले, तीस वर्षं मी चुकत होतो आणि इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मग दोन प्राध्यापक नदीच्या नावावरून भांडले, एक तर दार आपटून गेला. सरांनी प्रबंधाचं शीर्षकही बदललं. फक्त सात नंबरचा थर पुन्हा जाऊन नीट मोजून आण, फोटो काढ, आणखी तीन पिशव्या भर, म्हणाले. पेई दादा मागच्या रांगेत होते. बाहेर पडताना एवढंच विचारलं की ती नदी चढ कशी चढली.

२८ एप्रिल, वानरोंग

लिहायला बसले आहे खरी, पण हसू आवरत नाही. हे रडूही असेल. सकाळपासून नक्की कळलेलं नाही.

काल कड्यावर गेले. सातवा थर. खडबडीत, मुळंच मुळं, चुन्याचे गोळे. मऊसूत फिकट मातीचा मागमूस नाही. थर दोनदा मोजले, वरून आणि खालून. तोच सातवा. आज सकाळी नाश्त्याला शेवया आणि व्हिनेगर पुढे घेऊन मी मावशींना आणि काकांना माझ्या नदीची गोष्ट सांगत होते: सात नंबरच्या पिशवीत काय सापडलं, सभागृहात शिट्टी कशी वाजली. काकांनी हळूच वाटी खाली ठेवली आणि अंगणात निघाले.

"बस खाली," मावशी म्हणाल्या. ते बसले.

झालं ते असं. ड्रॅगनच्या दिवशी मावशींनी काकांना कोठारातून भाजायची माती आणायला सांगितलं. पांढऱ्या पिशवीत आहे, म्हणाल्या. काकांनी पांढरी पिशवी आणली. माझी. अर्धी छाओछी भाजून झाल्यावर मावशींना मुळं दिसली. तोवर माझी माती काळी पडली होती. कोणाची वस्तू वापरली तर तशीच परत कशी द्यायची? म्हणून त्यांनी माझ्या पिशवीत स्वतःची माती भरली. तीन वेळा चाळलेली.

मी विचारलं, ती माती कुठली.

"कुठली म्हणजे? माझ्या माहेरची. या गावच्या मातीत भाजलेलं खातं का कोणी?"

माहेर चुंगथियाओच्या पायथ्याशी. दर नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी, लेकी माहेरी जातात तेव्हा मावशी जातात आणि एक पोतं घेऊन येतात. बसने. मी विचारलं, बस कशी येते. वनशीला बदलावी लागते, म्हणाल्या. तिथे मोठं वळण आहे.

मी नकाशा काढून टेबलावर पसरला. मावशींनी माझ्या नदीवरून बोट फिरवत नेलं. हो, हाच रस्ता. शेवटच्या चढाला बस फार धापा टाकते.

मी टेबलावर डोकं ठेवलं. काका म्हणाले, त्यांची काही चूक नव्हती, दोन्ही पिशव्या पांढऱ्याच होत्या. मावशी म्हणाल्या, चूक कोणाचीच नाही. पोरीने स्वच्छ मागितली, तिला स्वच्छ दिली. आता विचार केला तर दोघांचंही बरोबर आहे. मी माफी मागितली.

३० एप्रिल

दोन दिवस विचार केला, कोणाला कळणार होतं? नदी छान होती, सर खूश होते, महिना उरला होता. मावशी विद्यापीठात साक्ष द्यायला येणार नव्हत्या. पण आता नकाशा पाहिला की मला नदीत पोतं घेऊन बसलेल्या मावशी दिसतात.

शीआनला येऊन सरांना सांगितलं.  मग त्यांनी बसचा मार्ग पुन्हा सांगायला लावला. मग खुर्चीत मागे रेलले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. रडताहेत की काय, असं वाटून मी पाणी आणायला उठले.

"बस," ते म्हणाले. "म्हणजे कोणी न सांगता, अख्ख्या प्रांतातून, तू एका बाईचं माहेर शोधून काढलंस."

मी याचा विचारच केला नव्हता.

नदी गेली, पद्धत राहिली, असं सरांचं म्हणणं. बाहेरचे परीक्षक नेहमी हेच विचारतात: तुमचे स्फटिक खरंच ठिकाण सांगतात की तुम्हीच त्यांच्याकडून वदवून घेता? इथे आंधळी परीक्षा आपोआप झाली. पण एकदा झाली तर तिला नशीब म्हणतात. अजून तीन अनोळखी मात्या आण, कुठली आहे हे तुला ठाऊक नको, मलाही नको. तिन्ही बरोबर आल्या तर यावर प्रबंध उभा राहील. दोन आल्या तर नाही. त्यांनी तीन बोटं वर केली आणि मग मला स्वतःच्या डब्यातलं एक केळं दिलं.

४ मे

मावशींना फोन केला. पहिला तासभर त्या माहेरचंच कौतुक करत होत्या. त्यांच्या माहेरची माती विद्यापीठाने ओळखली हे गावात सगळ्यांना सांगून झालं आहे. तीन मात्यांची गोष्ट त्यांना फार सोपी वाटली. लांबून आलेल्या बायका माहेरच्या मातीची पुरचुंडी सोबत आणतात, पोट बिघडलं की चिमूटभर पाण्यात घालून पितात. आता औषधं आहेत, पण पुरचुंड्या उशाखाली आहेतच. पोस्टाने पाठवते म्हणाल्या. नावं नाहीत, फक्त एक, दोन, तीन.

२३ मे

पंधरा दिवस माती धुणं, सुई, लेझर. जेवले असेन.

पहिली सोपी होती: फन नदीचा काठ, च्याओच्या बाजूला, वाळू ओळखीची. दुसरीने दोन दिवस छळलं, पण मग कळलं, पिवळ्या नदीच्या पलीकडचा काठ, हानछंग. तिसरी तर हसवणारी: वानरोंगचीच, मावशींच्या गावचीच, वरचा थर. वर कोळशाचा कण आणि विटेचा चुरा. मावशींनी मला फसवायला अंगणातली भरली, अगदी त्यांना शोभेल असं. दुपारी फोन केला. पहिली बरोबर, मावशी ओरडल्या. दुसरी बरोबर, त्या अजून मोठ्याने ओरडल्या.

तिसरी चूक. तिसरी मियाओ आजींची. वय त्र्याऐंशी. दुष्काळात एकोणिसाव्या वर्षी पश्चिमेहून आल्या, गान्सूतल्या ह्वानश्येनहून, पाचशे किलोमीटरवरून. पुरचुंडी साठ वर्षं उशाशी आहे. अख्ख्या गावाला माहीत आहे.

२५ मे

पुन्हा केलं. तिसरी अजूनही वानरोंगचीच म्हणते. ह्वानश्येन वाळवंटाजवळ आहे, तिथला कण जाड असतो. हे तर पीठ आहे. यंत्र ठाम आहे. गाव ठाम आहे. एकतीस तारीख सहा दिवसांवर. सर म्हणतात, आजींनी स्वतः सांगितल्याशिवाय ते तिसरं उत्तर बरोबर धरणार नाहीत. खरंच आहे.

पेई दादांनी माझा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "पिशव्या रिकाम्या होतात आणि पुन्हा भरल्या जातात. हे तुला एव्हाना कळायला हवं होतं, बाई."

मग ते संग्रहाच्या खोलीत गेले. तिथे देशभरच्या कड्यांच्या बाटल्या आहेत, त्यांतून कण उचललेलाही पेई दादांना खपत नाही. बाहेर आले तेव्हा हातात कागदाची पुडी होती. वर लिहिलं होतं, ह्वानश्येन. कशाला, हे मी विचारलं नाही. ते चहा करायला गेले.

२७ मे, वानरोंग

मावशींना मियाओ आजींच्या खोलीतून बाहेर काढणं हे सहा वर्षांतलं सगळ्यात अवघड काम ठरलं. शेवटी आजींनीच त्यांना व्हिनेगर आणायला पाठवलं, तेही दुसऱ्या गल्लीतून.

आजी खांगवर बसल्या होत्या. खालून तापवायच्या या मातीच्या ओट्यावर उन्हाळ्यातही ऊब असते. लहानखुऱ्या, दात चार, डोळे फार तेज. मी काय विचारायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं आणि सगळं विसरले. त्यांनीच विचारलं.

"सापडलं का माझं गाव?"

मी म्हटलं, नाही. हे गाव सापडलं.

 मी म्हणाले, कदाचित माझं यंत्र चुकत असेल. खरं म्हणजे मी तसं लिहायचं आधीच ठरवलं होतं. 'तीनपैकी दोन' असं लिहून द्यायचं, काय होईल ते होईल. त्र्याऐंशी वर्षांच्या बाईला गावापुढे खोटं पाडून मिळालेली डॉक्टरेट मी भिंतीवर कुठे लावणार होते?

"यंत्राला नावं ठेवू नकोस," आजी म्हणाल्या. "तिसऱ्याच वर्षी संपली माझी. पोटात दुखलं की चिमूट. मग पोटात दुखत नसलं तरी चिमूट. सासूने रिकामी पाहिली असती तर म्हणाली असती, माहेरची इतकी ओढ, ही आता पळून जाणार. म्हणून अंगणातली भरली."

साठ वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. मी विचारलं, हे लिहिलं तर चालेल का. नाव घालणार नाही, फक्त नमुना क्रमांक तीन.

"लिही की. सासू काय आता वाचायला येणार आहे? त्या हाओच्या बाईला मात्र सांगू नकोस, संध्याकाळपर्यंत गावभर होईल."

कागदावर त्यांनी अंगठा नाही, सही केली. तीन अक्षरं, सावकाश, जीभ दाताखाली धरून. तीनपैकी तीन. एकतीस तारखेला प्रबंध जाईल. मला उठून नाचावंसं वाटत होतं, आणि बहुतेक मी जागच्या जागी थोडी नाचलेही, कारण आजी हसायला लागल्या.

मग पेई दादांची पुडी काढली. सांगितलं, ह्वानश्येनची आहे. तुमच्याच गावची असेल असं नाही, पण त्याच डोंगराच्या कुशीतली. आजींनी वाटीत गरम पाणी ओतलं, पुडी उघडली. चिमूट घेतील असं वाटलं होतं. त्यांनी अख्खी पुडी पाण्यात झटकली, कागदही पाण्यात बुडवून काढला, आणि गाळ बसायचीही वाट न पाहता वाटी तोंडाला लावली. तळापर्यंत प्यायल्या. मग बोटाने तळ पुसून घेतला.

मी विचारलं, तीच आहे का?

"थोडी जास्त आणायचीस," आजी म्हणाल्या.